खुंटाचे रान आणि बीजाचे रान

सागाचे झाड तोडले म्हणजे ते मेले, असे नाही. पाऊस पडताच खुंटाला चार-पाच फुटवे येतात आणि त्यांची पाने सुपाएवढी होतात. वर्धा जिल्ह्यात हिंगणीच्या पुढे बोर धरणाकडे किंवा आर्वी-कारंज्याच्या रानात हिंडणारास हे नवे नाही. ‘जंगल पुन्हा आले’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. पण जे आले ते नवे झाड की जुनेच?

खुंटाचा फुटवा म्हणजे तेच झाड. गुण तेच, दोषही तेच. तेंदूला तर मुळांतूनही धुमारे फुटतात. वीस झुडपांची जाळी वस्तुतः एकाच झाडाचा पसारा असू शकते. तेंदूत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात. ती जाळी नराची असली, तर तिला फळ धरावयाचेच नाही.

नवे झाड जन्मते ते बीजातून. सागाचे फूल स्वतःच्याच परागाने सहसा फळत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाश्यांसारख्या कीटकांनी आणावा लागतो. म्हणून एकाच झाडाखालची दोन रोपेही सारखी नसतात. एखादे अवर्षण सोसते, एखादे पाने चाळणी करणाऱ्या अळीला कमी बळी पडते. कोणता गुण केव्हा कामी येईल, हे आधी सांगता येत नाही. ही विविधता म्हणजे रानाने अडीअडचणीसाठी राखलेली शिल्लकच होय.

परंतु बीजाची वाट बिकट आहे. सागाच्या फळाचे कवच कठीण, आणि रोपाला ऊन भरपूर लागते. मोहाचे उलट: त्याचे बी पावसाच्या तोंडी गळते आणि लवकर रुजले नाही तर निकामी होते. नेमकी तेव्हाच तेलासाठी टोळ वेचली जाते. त्याआधी, उन्हाळ्यात, फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्यात गतसालची रोपेही जातात. मोहावर ज्यांचे पोट चालते त्यांना दोष देऊन भागणार नाही. पाला जाळण्याऐवजी झाडून काढावा आणि थोडी टोळ झाडाखाली राहू द्यावी, एवढे पुष्कळ आहे. तोडीच्या वेळीही दूरदूरची, निरनिराळी बीजझाडे राखली पाहिजेत.

येत्या पावसाळ्यात रानात गेलात, तर कोवळ्या झाडाच्या बुडाशी वाकून पाहा. खाली जुना खुंट नसेल, तर ते बहुधा बीजाचे रोप असेल. तेवढे मात्र जपा.