पिस्तुलाची मूठ आणि मोठा हात

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कसबी फिटर कानस चालविण्यापूर्वी तिची मूठ तळहातात नीट बसते की नाही, हे पाहून घेतो. मूठ बसली नाही तर कानस तिरपी जाते, आणि दोष मात्र हाताला लागतो. हाच न्याय नेमबाजाच्या पिस्तुलालाही लागू आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. तेव्हापासून या जिल्ह्यातील अनेक तरुण हातांना पिस्तुलाची ओढ लागली असल्यास नवल नाही. परंतु सर्वांचे हात सारखे नसतात.

दहा मीटरच्या स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलाची पुढील माशी व मागील खाच यांत ३३ सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी एक मिलिमीटर सरकताच छर्रा लक्ष्यावर सुमारे ३० मिलिमीटर दूर पडतो. एवढी चूक होण्यास बोटाचा किंचित आडवा दाबही पुरेसा होय.

मोठ्या हाताची अडचण नेमकी हीच. मूठ आखूड व बारीक असली म्हणजे तर्जनी चापाच्या पलीकडे जाते. चाप पहिल्या पेराच्या मांसल भागाने सरळ मागे ओढावयाचा. तो सांध्याजवळ सापडला की पिस्तूल बाजूला ढकलले जाते. बाकीची बोटे तळहातात रुततात व पकड हर वेळी बदलते. नेमबाज मात्र आपली नजरच वाईट, असे समजून खचतो.

यावर उपाय दोन. पहिला मुठीचा. स्पर्धेच्या पिस्तुलास बहुधा लाकडी मूठ असते व ती लहानमोठ्या मापांत मिळते. मोठे माप घेऊनही पोकळी उरल्यास तेथे लाकडाची लांबी थोडी थोडी भरावी. जेथे टोचते तेथे कानशीने व पॉलिशपेपराने झिजवावे. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यामागे भर दिल्यास हात मागे सरतो आणि बोट योग्य जागी येते. दुसरा उपाय चापाचा. स्पर्धेच्या पुष्कळ पिस्तुलांत स्क्रू सैल करून चाप पुढेमागे सरकविता येतो. मोठ्या हातासाठी तो पुढे न्यावा.

येथे मर्यादाही आहेत. नियमानुसार मुठीने मनगटास आधार देता कामा नये. चापाचा ओढ १० मीटरसाठी किमान ५०० ग्रॅम व २५ मीटरसाठी १००० ग्रॅम असावा लागतो. आतील खटका घासून चाप हलका करण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो; धक्क्यानेही बार उडण्याचा संभव असतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराचेच काम होय.

मूठ जमली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, ते लक्ष्याकडे ठेवून डोळे मिटावेत, हात उचलावा व डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यावर दिसली, तर मूठ हाताची झाली. न दिसल्यास मनगट वळवू नये. पुन्हा कानस हाती घ्यावी.