रस्ताच घर होतो तेव्हा

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेसाठी निघाले. इराण, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी परतले ते तिघेच : अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. त्यांनी कापलेले अंतर होते सुमारे ७१ हजार किलोमीटर. हा आकडा छाती दडपवणारा खरा. पण त्याला दिवसांनी भागले, तर रोजची सरासरी जेमतेम ४४ किलोमीटर निघते. सायकलीची सवय असलेला धडधाकट माणूस एवढे अंतर एका सकाळी सहज पार करतो. मग त्यात अवघड काय होते? अवघड होते ते दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणे, आणि असे सोळाशे दिवस निघत राहणे.

दीर्घ पल्ल्याचा सायकल प्रवास हा काही दिवसांचा पराक्रम नसतो. ती राहण्याची एक वेगळी रीत असते. प्रवासाची तयारी करणारे बहुतेकजण पाय आणि सायकल तयार करतात. या रीतीची तयारी मात्र राहून जाते.

पहिली कसोटी शरीराची. स्नायू आणि श्वास काही आठवड्यांत श्रमांना सरावतात. गुडघ्याभोवतालच्या कंडरांना त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच पहिल्या आठवड्यातील उत्साह अनेकदा तिसऱ्या आठवड्यात गुडघेदुखी होऊन समोर येतो. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस ठरवलेल्या अंतराच्या निम्मेच अंतर जावे आणि चढावर जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत. पायडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढीच सीटची उंची असावी. करंगळी व अनामिका बधिर होऊ लागल्यास हँडलवरील दाबामुळे मनगटातील नस आवळली जात आहे, असे समजावे आणि हातांची पकड वरचेवर बदलावी. भूक लागण्यापूर्वी खाणे आणि तहान लागेपर्यंत न थांबता अधूनमधून पाणी पिणे, हा नियम तर मोडूच नये. घाम फार गेल्यावर नुसते पाणी पुरत नाही. मीठ-साखर-लिंबाचे पाणी हवे.

सामानाचेही तसेच. १९६३ मध्ये आयर्लंडहून निघून सायकलवर भारतात आलेल्या लेखिका डर्व्हला मर्फी यांनी आशियातील रस्त्यांवर टिकणार नाहीत, म्हणून आपल्या सायकलचे गिअर निघण्यापूर्वीच काढून टाकले होते. आज गिअर काढण्याचे कारण नाही; पण वाटेत ज्याची दुरुस्ती होऊ शकत नाही, त्यावर फार विसंबू नये, हे त्यामागील तारतम्य आजही खरे आहे.

दुसरी कसोटी मनाची, आणि ती अधिक फसवी. घरात असताना पाणी कोठे मिळेल, रात्री कोठे झोपायचे, हे प्रश्न आपल्याला पडतच नाहीत. घराने ते आपल्यासाठी आधीच सोडवलेले असतात. रस्त्यावर ते रोज नव्याने सोडवावे लागतात. या सततच्या निर्णयांचा शीण पायांत जाणवत नाही. तो चिडचिडीतून, सोबत्याशी होणाऱ्या क्षुल्लक वादातून किंवा अकारण दाटून येणाऱ्या उदासपणातून प्रकट होतो. त्यावरचा उपाय साधा आहे. जेथे जेथे शक्य आहे, तेथे निर्णयच उरू देऊ नये. प्रत्येक वस्तूची पिशवी ठरलेली असावी. मुक्कामाचा शोध सूर्यास्ताच्या दोन तास आधी सुरू व्हावा. सोबत्यांचा वेग सारखा नसतोच. तेव्हा एकमेकांना ओढत नेण्यापेक्षा पुढे कोठे भेटायचे, ते ठरवून आपापल्या चालीने जावे. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, साखळीला तेल देणे, घरी बोलणे आणि झोप यांसाठी राखावा. हा दिवस वाया गेला असे वाटेनासे झाले, की रस्ता अंगवळणी पडू लागला असे समजावे.

येथे विक्रम आणि प्रवास यांतील फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. म्हणजे दिवसाला १८० किलोमीटरहून अधिक. विक्रमाच्या तपश्चर्येची ती गती होती. तिचे कौतुक करावे. पण वर्षभराच्या भटकंतीला निघालेल्याने ती आपल्या वेळापत्रकात उतरवू नये.

तरीही 'पुरे झाले' असे वाटण्याची संध्याकाळ प्रत्येकाच्या वाट्याला येतेच. त्यासाठी अनुभवी प्रवासी एक पथ्य सांगतात : परतण्याचा निर्णय संध्याकाळी, भुकेल्या पोटी घेऊ नये. पोटभर जेवावे, झोपावे, एक दिवस मुक्काम करावा आणि मग ठरवावे. त्यानंतरही परतावेसे वाटले, तर खुशाल परतावे. त्यात कमीपणा नाही. १९२३ मध्ये निघालेल्या सहांपैकी तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली नाही, म्हणून त्यांनी ओलांडलेल्या वाटा खोट्या ठरत नाहीत. मात्र तो निर्णय विसावलेल्या मनाचा असावा, थकलेल्या पायांचा नव्हे.