कव्हर लेटरमधलं एक वाक्य: अपंगत्व, नोकरी आणि ६,०१६ अर्ज

हेडफोन लावलेत ना? आज एका प्रयोगाची गोष्ट.

डग्लस क्रूस हे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ. कंपनीच्या नफ्यात कामगारांना वाटा मिळाला तर काय होतं, हा त्यांचा मूळ विषय. मग अपघातात पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि व्हीलचेअर आली. पुढे त्यांच्या अभ्यासात आणखी एक प्रश्न आला: अपंग माणसांना नोकरी इतकी कमी का मिळते? त्यांच्या पत्नी लिसा शूर याही तिथल्याच प्राध्यापक, आणि त्यांचंही काम याच विषयावर.

यावर नेहमीचं उत्तर काय? ‘शिक्षण कमी पडतं, अनुभव कमी पडतो.’ बरं, मालकांना विचारलं तर ‘आम्ही भेदभाव करतो’ असं कोण कबूल करणार? म्हणून या दोघांनी सहकाऱ्यांसोबत अकाउंटिंगच्या नोकऱ्यांसाठी चक्क ६,०१६ काल्पनिक अर्ज पाठवले. उमेदवारांची पात्रता चांगली होती. काही कव्हर लेटरमध्ये अपंगत्वाचा उल्लेखच नव्हता, काहींत मणक्याची दुखापत होती, काहींत ॲस्पर्जर. अकाउंटिंगच का? कारण या दोन्हींमुळे ते काम अडायचं कारण नाही.

२०१८ मध्ये छापून आलेला निकाल असा: अपंगत्व सांगणाऱ्यांना मालकांकडून २६ टक्के कमी प्रतिसाद मिळाला. आणि खरा धक्का पुढे आहे. ही तफावत मुख्यतः जास्त अनुभव असलेल्या उमेदवारांमध्ये दिसली! म्हणजे ‘आधी अनुभव घे, मग बघू’ हा सल्ला इथे उपयोगी पडत नाही. तफावत १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांतही जास्त होती. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व हक्क कायदा या छोट्या कंपन्यांना लागू होत नाही.

आता पुनर्वसन समुपदेशकाचं काम बघा. अपघातानंतर किंवा आजारानंतर माणसाला कोणतं काम जमेल, कोणतं प्रशिक्षण, कोणती साधनं लागतील, हे तो त्या माणसासोबत बसून ठरवतो. पण अडचण फक्त उमेदवारात नसेल, तर त्याला कोर्सवर कोर्स करायला लावून काय होणार? समुपदेशकाला कंपनीच्या दारातही जावं लागतं, मालकाशी बोलावं लागतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही. म्हणजे तिथे मालकाच्या मनातला तो पहिला ‘नको’ कसा बदलायचा, हा प्रश्न आपलाही आहे. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा अर्थशास्त्र शिकत असाल, तर करिअर म्हणून या क्षेत्राचा जरूर विचार करा.

आणि तुम्ही स्वतः अपंग असाल, अर्ज करून करून थकला असाल, तर एवढं लक्षात ठेवा: फोन आला नाही म्हणजे तुम्हीच कमी पडलात, असं नाही. त्या अर्जांतले उमेदवारही कमी पडले नव्हते.

भेटू पुढच्या भागात!