नवरा कोणता, नवरी कोणती? झाडबेडकांच्या संसारातल्या गमती

जून २०१९ मध्ये पावसासाठी उडुपीत ‘वरुण’ आणि ‘वर्षा’ या बेडकांचं थाटात लग्न लागलं. पण बेडकांचं लग्न लावायचं तर आधी नवरा-नवरी ओळखता यायला हवीत! काचपेटीत झाडबेडूक पाळणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांपुढेही हाच पेच असतो. त्याची उत्तरं बेळगाव-निपाणीकरांना मात्र जवळच्या घाटात दर पावसाळ्यात बघायला मिळतात.

मादी दांडगी. मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या झाडबेडकाचा नर साधारण ५ सेंटिमीटरचा, तर मादी ७ सेंटिमीटरची. चोर्ला, आंबोलीतला आपला मलबारी उडता बेडूकही याच चालीचा. मादी १० सेंटिमीटरपर्यंत भरते, नर तिच्याहून लहान.

गळा बोलतो. रात्री हाका मारतो तो बहुधा नर. त्याच्या गळ्याखालची कातडी सैल, सुरकुतलेली आणि गडद असते, मादीचा गळा फिकट आणि गुळगुळीत. ऑस्ट्रेलियाचा गुबगुबीत ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ पाळणारे आधी गळाच तपासतात.

अंगठ्याची खूण. विणीच्या दिवसांत नराच्या अंगठ्यावर खरखरीत गादी उगवते. ओल्या, निसरड्या मादीच्या पाठीवर घट्ट पकड बसावी म्हणून ही सोय.

घाई नको. पिल्लांमध्ये यातलं काहीच दिसत नाही. वयात येईपर्यंत थांबावंच लागतं.

नरही फसतात! गडबडीत एक नर दुसऱ्या नरालाच मिठी मारतो. मग खालचा नर विशिष्ट आवाज काढून ‘सोड मला’ असं बजावतो आणि सुटका करून घेतो.

पेटीतला पाऊस. नर-मादी नुसती एकत्र ठेवून भागत नाही. पाळणारे आधी काही आठवडे पेटी कोरडीशी ठेवतात, मग पंप आणि बारीक भोकांच्या नळीने तासन्‌तास पाऊस पाडतात. उन्हाळ्यानंतर मृग बरसतो, त्याचीच ही नक्कल.

फेसाचं घरटं. मलबारी उडत्या बेडकाची जोडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर पायांनी घुसळून फेस काढते आणि अंडी त्यात ठेवते. फेस बाहेरून सुकतो, आत ओला राहतो. पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात टपकतात.

साप आला, पळा! लाल डोळ्यांच्या बेडकाची अंडी पानावर असतात. सापाने हल्ला केला की वाढत आलेले गर्भ मुदतीआधीच अंड्यातून बाहेर पडून पाण्यात उड्या घेतात. संशोधक कॅरेन वॉर्केन्टिन यांनी १९९५ मध्ये हे जगापुढे मांडलं.

शेपटीला सुट्टी. आंबोलीचं नाव मिरवणारा एक चिमुकला झुडूपबेडूक २००९ मध्ये विज्ञानाच्या यादीत आला. त्याच्या अंड्यातून शेपटीवाली पिल्लं पोहत बाहेर पडत नाहीत, थेट इवलासा बेडूकच निघतो.

नियम मोडणारी जोडी. झाडबेडूक नसलेला, पण सह्याद्रीतलाच ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ मादीला मिठीच मारत नाही. तिच्या पाठीवर बसून हात पानावर टेकतो, वीर्य पाठीवर सोडतो आणि निघून जातो. मग ती अंडी घालते. इथे मादीही हाका मारते! ही तऱ्हा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निरीक्षणं साताऱ्यातल्या हुंबर्लीची होती.

पाळायचे असतील तर… लाल डोळ्यांच्या बेडकाचा व्यापार २०१० पासून आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे. भारतात अशा परदेशी प्रजातींची नोंदणी सक्तीची आहे. रानातला बेडूक मात्र रानातच राहू द्यावा. पाऊस, पान आणि डबकं यांचा जुळून आलेला मेळ कुठल्याही काचपेटीत मावत नाही.

तेव्हा यंदा निपाणीहून संकेश्वर-आजरामार्गे आंबोली किंवा बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला गाठा. बॅटरी सोबत असू द्या, पण प्रकाश थेट डोळ्यांवर मारू नका, आणि बेडकांना हात लावू नका. पावसाळी रात्री घाटात गाडी हळू चालवा. रस्ता ओलांडणाऱ्यांत अंड्यांनी पोट भरलेल्या माद्याही असतात.