रक्त परतलं म्हणजे जठर वाचलं?

गैरसमज: रक्तपुरवठा पूर्ववत झाला की नुकसान तिथेच थांबतं.

भरपूर रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं बीपी वर आलं की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. तो टाकावाच, पण पोटाच्या आतल्या अस्तराचा त्रास कधीकधी इथून पुढे वाढतो. पार्क्स आणि ग्रेंजर यांनी 1986 मध्ये मांजरांच्या आतड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सलग चार तास रक्ताच्या टंचाईत राहिलेल्या अस्तरापेक्षा, तीन तास टंचाई आणि मग एक तास रक्त मिळालेलं अस्तर जास्त खराब झालं होतं!

हे घडतं कसं? रक्त तुटलं की पेशींतलं एटीपी हे ऊर्जाद्रव्य खर्ची पडतं आणि त्याच्या विघटनातून हायपोझँथीन साठतं. त्याच काळात पेशीतलं एक एन्झाइम रूप बदलून झँथीन ऑक्सिडेज होतं. त्याला हायपोझँथीनवर काम करायला ऑक्सिजन लागतो. तो परतलेल्या रक्तातून मिळाला की सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात आणि लोहाच्या सान्निध्यात त्यांतून अधिक घातक हायड्रॉक्सिल रॅडिकल. पेशींची आवरणं फाटतात. मागोमाग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि आलेल्या रक्ताचीच वाट अडवतात.

जठरात यात आम्लाची भर पडते. एरवी श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि वाहतं रक्त आम्लाला रोखून धरतात. ही फळी कोलमडली की आम्ल अस्तरात झिरपतं, ओरखडे पडतात, रक्त येतं.

गैरसमज: ‘स्ट्रेस अल्सर’ म्हणजे काळजी करून झालेला अल्सर.

इथला ताण शरीरावरचा: शॉक, गंभीर संसर्ग, मोठं भाजणं. भाजलेल्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले अल्सर कर्लिंग यांनी 1842 मध्येच नोंदवले होते. रक्त तुटणं आणि परतणं हे अशा अल्सरमागचं एक महत्त्वाचं कारण मानतात.

गैरसमज: अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या की झालं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशी द्रव्यं बऱ्याचदा लागू पडली, पण रुग्णांसाठी त्यांतून नेहमीचा उपचार उभा राहिलेला नाही. आवळा खुशाल खा, पण आयसीयूत तो कामाचा नाही.

गैरसमज: मग रक्त उशिरा सुरू केलेलं बरं.

अजिबात नाही. रक्ताविना पेशी मरणारच, आणि टंचाई जितकी लांबेल तितकी हानी मोठी. म्हणून आधी रक्त, आणि जोडीला आम्ल कमी करणारं औषध. 48 तासांहून अधिक व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा रक्त न गोठण्याचा दोष असलेल्या रुग्णांना त्याची विशेष गरज असते.

मोठ्या आजारातून सावरणाऱ्या माणसाला डांबरासारखी काळी शी झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर ती ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.