जांभळाची गुठली आणि शुगरची गोळी: फरक काय?

जून महिन्यात बदलापूरची जांभळं बाजारात येतात. या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या बऱ्याच घरांत गुठली फेकत नाहीत. धुऊन, वाळवून, कुटून पावडर बरणीत ठेवतात. युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत ही बी मधुमेहासाठी वापरली जाते. मग घरातले मोठे विचारतात, "गुठलीतच दवा आहे, तर रोज गोळी कशाला?"

अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत आपली मुलं कामाला जातात. फिल्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. बीमधून औषधी द्रव्य वेगळं काढतानाही अशीच कामं असतात. आधी वाळलेली बी दळतात. हेक्झेनसारख्या द्रावकाने तिच्यातलं तेल काढून टाकतात. उरलेली भुकटी अल्कोहोलमध्ये भिजवून गाळतात आणि कमी दाबाखाली अल्कोहोल उडवतात. खाली घट्ट अर्क राहतो. त्यात गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, टॅनिन अशी कितीतरी द्रव्यं एकत्र असतात. सिलिका भरलेल्या नळीतून अर्क सोडला की ती कमीजास्त वेगाने उतरतात आणि वेगळी होतात. शेवटी यंत्रांवर प्रत्येकाची ओळख व शुद्धता तपासतात. (हेक्झेन पटकन पेट घेतं, घरी हा प्रयोग नको.)

द्रव्य शुद्ध मिळालं म्हणजे औषध झालं असं नाही. ते आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासून डोस ठरवावा लागतो. मेटफॉर्मिनची कथा अशीच आहे. युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतल्या गॅलेजिनने रक्तातली साखर उतरायची, पण ते विषारी होतं. त्याच्या जातकुळीतलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष 1957 मध्ये मांडले. मधे 35 वर्षं गेली. आज गोळीवर 500 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढंच औषध पोटात जातं.

चमचाभर पावडरमध्ये काय किती आहे, हे झाड, हंगाम आणि वाळवण यांवर बदलतं. जांभळाच्या बीतलं कुठलंही एक द्रव्य अजून मधुमेहाचं मान्य औषध बनलेलं नाही.

म्हणून आम्ही एवढंच सांगू : पावडरच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण साखर जास्त उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर किंवा गूळ खा, शुगर तपासा आणि डॉक्टरांना कळवा.