बंदूक घरात आहे, मग बाईला काय माहीत हवं?

गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, काजू बी, आमसुलं यांबद्दल नेहमीच बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे.

सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे बऱ्याच शेतकरी घरांत शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते. भात आणि बाग राखायला ती घेतलेली असते. हा परवाना शिकारीचा नव्हे, हे आधीच सांगतो. तो बहुधा सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो. "ते पुरुषांचं काम" म्हणून आपण तिकडे बघतही नाही. पण ज्या घरात ती बंदूक असते, तिथेच आपली मुलं झोपतात, खेळतात. आपल्याला बंदूक चालवायला शिकायची नाही. ती नीट ठेवली आहे का, एवढं कळायला हवं.

त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, दारूगोळा वेगळा.

आधी रिकामी म्हणजे काय ते बघू. काडतुसाची बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून बघता येते. आत काडतूस आहे की नाही ते दिसतं. ठासणीच्या बंदुकीचं तसं नसतं. तिच्यात नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासतात आणि मागे केप लावतात. केप काढली की बंदूक रिकामी झाली, असं पुष्कळजण समजतात. तसं नाही. बार नळीत तसाच असतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. म्हणून परवानाधारकाने रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून, नळीच्या तोंडाशी गजावर रंगाची खूण करून ठेवावी. पुढे कधी गज घातला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे असं समजावं. हे बघताना कोणीही नळीच्या तोंडासमोर येऊ नये. अडकलेला बार घरी खरवडून काढू नये. ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. सगळ्यात सोपा नियम म्हणजे भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही.

दुसरी गोष्ट कुलूप. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, कपड्यांच्या ढिगाखाली ठेवलेली बंदूक ही लपवलेली बंदूक असते, सुरक्षित नव्हे. आपली लपवायची जागा मुलांना आपल्याआधी माहीत असते. लोखंडी कपाट किंवा भिंतीला पक्की केलेली पेटी हवी. चावी खुंटीवर टांगायची नाही; ती परवानाधारकाकडेच हवी. 2016 च्या शस्त्र नियमांत परवाना घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. म्हणजे आपण कुलपाचा हट्ट धरला, तर तो नियमाला धरूनच आहे.

तिसरी गोष्ट दारूगोळा. बंदुकीची दारू ओल धरते, म्हणून आपल्या पावसात ती चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायची सवय काही घरांत आहे. ही सवय आजच मोडा. त्या दारूला एक ठिणगी पुरते. दारू, केपा आणि काडतुसं चूल, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, कोरड्या जागी, बंदुकीपेक्षा वेगळ्या कुलपात ठेवायची.

मुलांना नुसतं "हात लावशील तर बघ" म्हणून भागत नाही. त्यांना सांगा: बंदूक दिसली की थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. शेजाऱ्यांच्या घरीसुद्धा.

आता जे बोलायला जड जातं, तेही बोलू. घरात कोणी दारू पिऊन भांडत असेल, किंवा कर्जापायी, आजारपणापायी कोणी "आता जगून काय करू" असं म्हणत असेल, तर बंदूक त्या घरात नको. रागाची किंवा निराशेची वेळ निघून जाते, पण तेवढ्या वेळात बंदूक हाताशी असली तर मागे फिरता येत नाही. घरातल्या जाणत्या माणसाला मध्ये घालून ती पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला लावा. भांडण पेटलं असेल तर बंदूक काढून घ्यायला जाऊ नका. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि 112 ला फोन करा. मन फार खचलेल्या माणसासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

आणखी एक. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक वारला की बंदूक आठवण म्हणून खुंटीवर ठेवता येत नाही. शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दुःखात हे सुचत नाही, म्हणून गटातल्या बायकांनी त्या घराला आठवण करावी. पोलिसांना कळवून बंदूक सोपवा आणि पावती जपून ठेवा. वारसाला पुढे स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो.

तर आज रात्री जेवणं झाल्यावर घरात चार प्रश्न विचारा: बंदूक रिकामी आहे का? कुलपात आहे का? चावी कोणाकडे आहे? दारूगोळा कुठे आहे? उत्तर देताना कोणी अडखळलं, तर उद्याचं पहिलं काम तेच.